मी म्हणाले म्हणून थांबवलेलं मलम

पुण्यात मी सोरायसिसवर संशोधन करते. अंगाचं रक्षण करणाऱ्या पेशी आपल्याच कातडीला शत्रू समजून का पेटतात, त्यांना शांत कसं करायचं, हे शोधायचं माझं काम. त्यासाठी रुग्णाच्या चट्ट्यावरून ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा काढून घ्यावा लागतो. अट एकच, पण कडक: आधी काही आठवडे मलम बंद. मलम चालू असलं की पेशी गपगार होतात, मग तपासायचं काय, कपाळ?

येडशीला माझ्या चुलतीला हा रोग कैक वर्षांपासून. गाव त्याला गजकर्ण म्हणायचं. शेजारणींनी काकूंच्या हातची भाकरी खायची सोडली होती. पण धाराशिवच्या डॉक्टरांच्या मलमानं चट्टे आटोक्यात असायचे. एका दिवाळीला मी घरी गेले तेव्हा माझ्या कामाला रुग्ण कमी पडत होते. मी काकूंना म्हणाले, "तुमचा तुकडा मिळाला तर लई काम होईल. आजपासून मलम थांबवा. मी फोन केला की पुण्याला या."

"तू सांगशील तसं," त्या म्हणाल्या. "घरची डाक्टरीण तू. तुझं न्हाय ऐकायचं तर कुणाचं ऐकायचं?"

मी औषधं देणारी डॉक्टर नाही, हे मी त्यांना हजारदा सांगितलं होतं. त्या दिवशी नाही सांगितलं. त्या दिवशी ते माझ्या सोयीचं नव्हतं. बाकीच्या रुग्णांना आम्ही सगळं समजावून सांगतो, सही घेतो, तारीख लिहिलेला कागद हातात देतो, त्यांच्या डॉक्टरांना विचारतो. काकूंना कसला कागद? घरचं माणूस! चहा पिता पिता तोंडी सांगितलं आणि एसटी पकडली.

महिनाभरात पुरेसे रुग्ण मिळाले, भरती बंद झाली. यादीतल्या एकेकाला मी स्वतः फोन करून कळवलं, "आता मलम सुरू करा." काकू यादीत नव्हत्याच. मी विसरले. कामाचा व्याप होता, अमुक होतं, तमुक होतं, असं लिहायला हात शिवशिवतोय, पण खरं एवढंच की विसरले.

संक्रांत गेली, होळी गेली. पाडव्याला घरी आले तर काकू अंगभर पदर लपेटून बसलेल्या. कपाळ लाल, बोटं भेगाळलेली, मांडीवर खपल्यांचा कोंडा. मी दारातूनच ओरडले, "अहो काकू, काय करून घेतलंय हे? मलम लावत न्हाय का तुम्ही?"

"आगं, तूच तर थांबवलंस. तुझा फोन आल्याबिगर कसं लावू?"

कुणी थोबाडीत द्यावी तसं झालं मला. त्या मात्र उत्साहात सांगत होत्या. संक्रांतीनंतर सास्तूरला त्यांच्या बहिणीच्या पोरीचं लग्न झालं होतं. ती पोर काकूंनीच लहानाची मोठी केलेली, पहिली हळद काकूच लावणार असं ठरलेलं.

"बहिणीनं दोनदा बोलावणं धाडलं. पर असलं अंग घिऊन हळदीला कशी जाऊ? आन् मलम लावलं तर तुझं काम बिघडंल. मनाला म्हणलं, ऱ्हाऊ दे, आपल्या घरच्या पोरीच्या शिक्षणाचं काम हाय."

मग त्या माझ्याकडं पाठ करून बसल्या आणि पदर खाली घेतला. पाठभर एकात एक मिसळलेले चट्टे. "बघ, कसं उमटलंय. तुला पायजे तेवढं घे."

"काकू," मी म्हणाले, "ते काम दिवाळीनंतर महिन्यातच संपलं. तुम्हाला कळवायचं मी विसरले. चुकले मी."

त्या वळल्या नाहीत. हळूहळू पदर खांद्यावर ओढून घेतला.

"मंग मलम लावून पोरीच्या हळदीला जाता आलं असतं की गं मला."