मांडीवरचा तांब्या

दुष्काळात आमच्या दूध सोसायटीनं घाटाखाली जनावरांची छावणी काढली होती. तिथल्या आजारी बैलांची इंजेक्शनं घेऊन मी धारूरच्या स्टँडवर आलो, तर एसटी गेलेली. तेवढ्यात बिनटपाची एक जुनी, लाल स्पोर्ट्‌स कार आली. मी हात केला. चालवायला नऊवारीतली, सत्तरीची बाई!

"बस," ती म्हणाली.

पेट्रोलचा काटा पार तळाला होता, आणि गावातल्या पंपावर थेंब नव्हता.

"मावशी, छावणीपर्यंत पुरंल का?"

तिनं चपला काढल्या आणि काठोकाठ भरलेला तांब्या माझ्या मांडीवर ठेवला. "पाणी सांडलं की पेट्रोल सांडलं समज."

अनवाणी पायानं ती अ‍ॅक्सिलेटर नुसता कुरवाळत होती. वळण यायच्या आधीच पाय उचलायची, म्हणून ब्रेक लागतच नव्हता. मी तांब्याकडे बघत राहिलो.

"मालकांनी पळवायला घेतली व्हती," ती म्हणाली. "मी पुरवून चालविते."

छावणीत उतरलो तेव्हा माझी विजार कोरडीच होती.

"आता पी."

अर्धा तांब्या मी प्यालो. उरलेला तिनं, इंजिन निवल्यावर, गाडीला पाजला.