भंडाऱ्यावर दिलेली वाट

आमच्या सोसायटीला रस्ता नव्हता, नुसता शब्द होता. साताऱ्याच्या पूर्वेला, माणच्या माळावर, फौजेतून परतलेल्या काही जणांनी मिळून घरं बांधली. तिथं जायची वाट शेजारच्या मेंढपाळाच्या रानातून. त्या म्हाताऱ्यानं देवाचा भंडारा, म्हणजे हळद, तळहातावर घेतली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "माज्या रानातनं तुमी खुशाल जावा. कवाच कुनी अडवनार न्हाई." आता भंडारा उचलल्यावर कागद मागायचा म्हणजे त्याच्या देवावरच संशय घ्यायचा. आमचे हे सोसायटीचे सेक्रेटरी. मी कागदाचं नाव काढलं तर माझ्यावरच डोळे वटारले.

म्हातारा गेला आणि त्याच्या मुलानं वाटेत आडवा चर खणला. "भंडारा बानं उचलला व्हता, मी न्हाई," म्हणाला.

थोड्याच दिवसांत एका दुपारी ह्यांच्या छातीत कळ आली. बोलावलेली गाडी चराच्या पलीकडे थांबली. आम्ही ह्यांना खाटेवर घालून नेत होतो. उचलणारे सगळे म्हातारे, गुडघे गेलेले. चराशी खाट कलली. मदतीला कुणी येईल म्हणून मी मेंढपाळाच्या घराकडे तोंड करून हाका मारल्या. घर समोर दिसत होतं. कुणी आलं नाही. हे तिथंच गेले.

त्यानंतर मला ते चराशी उभे दिसायला लागले. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. असल्या गोष्टी सांगणाऱ्या बायकांना मी आजवर हसत आलेय. पण तिन्हीसांजेला दूध आणायला निघाले, की चराच्या अलीकडे त्यांचा खाकी स्वेटर दिसायचा आणि पाय थांबायचे. भीती नाही वाटायची, राग यायचा. "नुसते उभे काय राहता?" असं मी मोठ्यानं म्हणायचे.

सेक्रेटरीपद माझ्याच गळ्यात पडलं. शेजारीण अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली. तिला पुढचा झटका आला तर तिलाही खाटेवरूनच न्यावं लागणार, हे काही केल्या डोक्यातून जाईना. म्हणून वकील शोधायला बाहेर पडले. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मग शहाण्यानं काय चरात पडून मरावं?

साताऱ्यातला एक वकील म्हणाला, "ताई, मोठ्या सोसायट्यांचीच कामं उरकत नाहीत." दुसऱ्यानं गाव कुठं आहे ते विचारलं आणि ऐकून फाईल मिटली, तिकडं तारखेला यायचं तर अख्खा दिवस मोडतो म्हणे. इस्लामपूरच्यानं कारकुनाला आत बोलावलं आणि भंडाऱ्याची गोष्ट मला पुन्हा सांगायला लावली. दोघंही हसले. मी चहा तसाच ठेवून उठले.

कराडला एक तरुण वकीलबाई भेटली. तिनं सगळं ऐकून घेतलं. "काकू, वाट अडवल्यापासून सहा महिन्यांत तहसीलदारांकडे दावा लावावा लागतो. तुमची मुदत संपत आलीय. मी लावते. पण सोसायटीतली माणसं आपल्या बाजूनंच बोलणार. बाहेरचं कुणी साक्षीला आहे का?"

शब्द देताना हजर असलेलं बाहेरचं एकच माणूस आता जिवंत होतं. म्हाताऱ्याची बायको.

मुलगा मेंढरांमागं गेलाय हे बघून मी तिच्या अंगणात गेले. "आक्का, तुमच्या लेकाच्या विरुद्ध बोला म्हणायला आलेय. लाज वाटतेय, पण सांगतेय." लेक गेला होता त्या बाजूला तिनं एकदा बघितलं. मग म्हणाली, "यीन मी."

तहसीलदारांपुढं ती पदर सावरून उभी राहिली. "वाट दिली व्हती. माज्या देखत दिली." साहेब म्हणाले, झालं, बसा आजी. ती बसली नाही. "आन त्या दिशी ही बाई हाका मारत व्हती, त्या बी मी ऐकल्या. ल्योक म्हनला, दार लाव. मी लावलं."

हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. घरात कुणी नसेल, असं मी तोवर धरून चालले होते. त्यावरच तर दिवस काढले होते.

निकाल आमच्या बाजूनं लागला. चर बुजवला, गाडी शेजारणीच्या दारापर्यंत यायला लागली. वकीलबाईचा फोन आला, सोसायटीत पेढे वाटले. त्या जागी आता मला कुणी उभं दिसत नाही.

मुलानं आईला घराबाहेर काढलं. गाठोडं घेऊन ती त्याच वाटेनं वर आली आणि माझ्या दारात उभी राहिली. शेवटी मी बाजूला सरले.

मी तिला माफ केलेलं नाही. तोंडावर तसं सांगितलंही. "करू बी नगंस," म्हणाली. दोघींच्या भाकरी मी थापते, ती भिंतीला टेकून बसते. तिन्हीसांज झाली की मधेच मान वर करते आणि विचारते, "कुनी हाक मारली का गं?"

मी नाही म्हणते. मलाही ऐकू आलेली असते. आवाज माझाच असतो.