मध्ये एक मोहल्ला असावा

"म्हाताऱ्या, तू कुणाशी बोलायलास ठाव हाय का तुला?"

अप्पा विहिरीच्या कठड्यावर पाय ठेवून ओरडत होते. आमचे वडील हळ्ळीखेडच्या शिवारात ओरडले, की हुमनाबादच्या बाजारात बैल दावणीला हिसका देत. इथं तर गुलबर्ग्यातलं एक चौकोनी अंगण आणि चहूकडून भिंती. तिथली कबुतरं उडाली ती बहुतेक सोलापूरला जाऊनच बसली असतील.

कारण काय, तर काहीच नाही. ओला पंचा नेसलेला, उघड्या अंगाचा एक म्हातारा घागर घेऊन आला होता. बाई, पूजेचं पाणी काढून होऊ द्या, मग धुणं धुवा, इतकंच तो आमच्या आईला, अव्वाला म्हणाला. तोवर अव्वाची चार लुगडी आपटून झाली होती आणि साबणाचा फेस विहिरीच्या तोंडाशी पोचला होता. म्हाताऱ्याच्या गळ्यात लिंग होतं, म्हणजे माणूस आमच्यातलाच, लिंगायत. पण अप्पांनी त्याचा पंचा बघितला, खांद्यावरची घागर बघितली आणि ठरवून टाकलं, की हा घरमालकाचा पाणक्या.

"आजउद्या पेठेतल्या थोरल्या दुकानवाल्यांशी आमची सोयरीक व्हायलीय. त्यांना एक शब्द सांगितला तर तुझी इथली भाकरी बंद होईल."

म्हातारा थांबला. "कुठल्या दुकानवाल्यांशी?"

अप्पांनी सांगितलं. नाव, गाव, दुकान, गोदामं, जिनिंगमधला हिस्सा, सगळं सांगितलं. थोडंफार पदरचंही घातलं. म्हाताऱ्यानं नीट ऐकून घेतलं, घागर भरली आणि अंगणापलीकडच्या दारातून आत गेला. अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, बघितलंस, नुसत्या नावानं गार झाला. मी मान डोलावली. मीही तेव्हा कमी फुगलो नव्हतो, कारण ती जागा मी शोधली होती.

आता आम्ही तिथं कसे, ते सांगतो. विचाराल तर देवदर्शनाला. आमच्या घरात मुलगी दाखवायची ती अशीच: सगळं बिऱ्हाड मोटारीत घालून जत्रेला निघाल्यासारखं निघायचं आणि देवळातून परतताना वाटेत घर लागलं म्हणून डोकावायचं. जमलं तर देवानं जमवलं. मोडलं तर आम्ही दर्शनाला आलो होतो. पोलीस अॅक्शनच्या आगंमागं आमच्या भागात कुणी कुणाकडे सोयरीक घेऊन जात नव्हतं. बहिणीचं वय मात्र त्या गडबडीत थांबून राहिलं नव्हतं. नंतर आलेली स्थळं बोलता बोलता विरली. आणि आता हे स्थळ! अव्वा त्या घराचं नावसुद्धा दृष्ट लागेल म्हणून घेत नसे. हे हुकलं, तर बहिणीला बिजवराच्या गळ्यात बांधायचं, असं चुलते उघड बोलू लागले होते.

अडचण होती उतरायच्या जागेची. कुंकू लागल्याबिगर मुलाच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, हा आमच्या घरचा नेम. अप्पा त्याला इष्टलिंगाखालोखाल जपत. मग उतरायचं कुठं? त्यांच्याच मोहल्ल्यात उतरावं, तर दारात येऊन बसले म्हणतील. स्टेशनापलीकडे उतरावं, तर ऐपत नाही म्हणतील. यावर आमच्या ओसरीत इतकी खलबतं झाली, की निजामाच्या दरबारातही कधी झाली नसतील. चुलत्यांचं एक, शेजाऱ्यांचं एक. अव्वाला नळाचं पाणी नको, विहीरच पाहिजे. शेवटी अप्पांनी निकाल दिला: त्यांच्या आणि आपल्या मध्ये एक मोहल्ला असावा.

जागा बघायची कामगिरी माझ्यावर आली. मी तुरीची पोती घेऊन आडतीवर जायचो, आणि परतल्यावर गावात सांगायचो, की अर्धं गुलबर्गा मला विचारून बांधलंय. किल्ला तेवढा माझ्या आधीचा; म्हणून त्यात खोट राहिली. अशा माणसाला कुणाला काही विचारायची सोय राहत नाही. आडतीवरच्या मुनिमानं दोन खोल्या सुचवल्या, अंगणात गोड्या पाण्याची विहीर. मालक कोण, हे मी विचारलंच नाही. मी कोण, हे मुनिमाला सांगण्यातच सगळा वेळ गेला. मोहल्ल्याचं नाव तेवढं विचारलं. ते वेगळं निघालं. मला तेवढं पुरे झालं.

आलो त्या दिवशी संध्याकाळी बहीण पाण्याला गेली होती. भरलेला पोहरा तिला ओढवेना, तेव्हा आतून आलेल्या कुणा तरुणानं तो ओढून दिला आणि न बोलता निघून गेला. अव्वानं विचारलं, कोण होता गं? ती म्हणाली, कुणी न्हाई. पण रात्री मला म्हणाली, "अण्णा, जागा चांगली बघितलास." ती मला कधी चांगलं म्हणत नसे.

म्हाताऱ्याला गार करून आम्ही देवळात गेलो. तिथं अव्वाचे मामेभाऊ भेटले, मध्यस्थी त्यांचीच. त्यांनी टांग्यातून आम्हाला पेठेच्या रस्त्यावर एका मोठ्या दारासमोर उतरवलं. बैठक, तक्के, भिंतीवर घड्याळ. मुलाचे वडील अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलत होते, आणि दोन्ही भाषांत गोड. सुनेनं पाण्याचे तांबे आणून ठेवले. अप्पांनी हात जोडले आणि सावकाश, घोळवून सांगितलं, की आमच्यात सोयरीक ठरल्याबिगर पोराच्या घरचा थेंब घेत नाहीत. तहानेनं जीव गेला तरी. मुलाचे वडील खूश झाले. असं वळण आता कुठं राहिलंय, म्हणाले.

माझं लक्ष मागच्या उघड्या दाराकडे गेलं. पलीकडच्या अंगणात दोरीवर एक इरकली लुगडं वाळत होतं. मला वाटलं, अव्वासारखंच दिसतंय. त्याच्या शेजारी बनियन होता. बनियनसारखा बनियन दुनियेत असतो. पण डावा खांदा उसवून त्याला काळ्या दोऱ्यानं टाका घातलेला एकच, आणि तो टाका मी स्वतः घातला होता. बहिणीकडे बघितलं. समोर बसलेल्या मुलाकडे तिनं एकदाच नजर टाकली असावी. ती खाली मान घालून, ओठ दाबून हसू आवरत होती. तिला अजून काही ठाऊक नव्हतं. पोहरा ओढून देणारा हाच, एवढंच तिला कळलं होतं.

गुलबर्ग्यात एकच घर पुढच्या दारानं एका मोहल्ल्यात आणि मागच्या दारानं दुसऱ्या मोहल्ल्यात असतं, हे हळ्ळीखेडच्या माणसाला कुठून कळावं? आमच्याकडे घराला दार एक आणि ते उघडलं की सगळा गाव.

अप्पांना कसं सांगावं, असा विचार करतोय तोच आतून म्हातारा आला. पांढरं स्वच्छ धोतर, कपाळभर विभूती. सगळे उठले. हे आमचे वडील, मुलाचे वडील म्हणाले.

अप्पा अर्धे उठलेले तसेच राहिले. मी त्यांना आयुष्यात गप्प बघितलेलं नव्हतं. ते झोपेतही भांडत. म्हातारा बसला. सून तांबे उचलायला वाकली, तसा हात करून तिला म्हणाला, "ठेव ते. त्यांना चालतंय."

त्यानंतर विहिरीचं अक्षर त्यानं काढलं नाही. काढलं असतं, चार शिव्या दिल्या असत्या, तर आमचं तोंड तरी उघडलं असतं. बहिणीला त्यानं तिच्या हाताचं विणकाम विचारलं, वचनं पाठ आहेत का विचारलं. तिनं दोन म्हणून दाखवली. त्यानं डोळे मिटून ऐकली आणि मान हलवली. अव्वानं पदर इतका ओढला होता, की आत माणूस आहे की नाही कळेना.

मग सगळ्यात वाईट काम राहिलं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून आमची लुगडी, धोतरं, माझा तो बनियन, एकेक करून दोरीवरून काढायचं. आत बायका बोलायच्या थांबल्या होत्या. बहीण घड्या घालत होती. तोवर अव्वानं तिला सगळं सांगितलं होतं. माझा बनियन तेवढा तिनं घडी न घालता बाजूला टाकला.

किल्ली द्यायला अप्पा आणि मी गेलो. म्हातारा मागच्या दाराच्या पायरीवर बसला होता. अप्पांनी वाकून त्याच्या पायांना हात लावला. त्यानं लावू दिला. बहीण बोचकं घेऊन खोलीच्या दारात उभी होती. तिथून सगळं ऐकू येत होतं.

अप्पा अगदी बारीक आवाजात म्हणाले, पोरीचा यात काही दोष न्हाई. आमी गावाकडं जाऊन काय सांगावं?

म्हाताऱ्यानं किल्ली कमरेला खोचली.

"सांगा, पोरगा पसंत पडला न्हाई."