बॅटरीवरची फळी

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. मुलीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाच नीट कळत नाही.

नव्वद साल उलटून काही वर्षं झाली होती. एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्यावर मी नर्स होते. दवाखाना म्हणजे जुनी मिनीबस. आत तपासणीचं टेबल, लसींचा छोटा फ्रिज, एक बेसिन आणि मागे माझी झोपायची फळी. शिरूर आणि दौंडच्या गावांत मुक्काम करत हिंडायचो. डॉक्टर ठरल्या दिवशी येऊन जायचे. गाडीवर कायमची माणसं दोनच — मी आणि ड्रायव्हर किसनमामा. मी गाडीत झोपायची, मामा शाळेच्या ओट्यावर.

मामा खुटबावचे. मला लेकीसारखं वागवायचे — पण हे कशाला सांगते आहे? ते वाईट असते, तर मी केलं ते चाललं असतं का?

दिवे, पंखा, फ्रिज, सगळं दोन मोठ्या बॅटऱ्यांवर चालायचं. त्या माझ्या फळीखालच्या पेटीत असायच्या; फळी हेच पेटीचं झाकण. गावात वीज असली की मामा शाळेतून वायर ओढून चार्जिंग लावायचे. तेवढा वेळ फळी वर उचलून टेकू द्यायचा, खिडक्या उघड्या ठेवायच्या. “चार्जिंगला बॅटरी ग्यास सोडती, शिस्टर,” ते म्हणायचे. “त्यो कोंडला आन् ठिणगी पडली, म्हंजी बॉम्बच.”

मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

इनामगावला होतो. रविवार. सकाळी मामांनी चार्जिंग लावलं, फळीला टेकू दिला आणि कपडे धुवायला नदीवर गेले. वारा सुटला. धूळ आत यायला लागली, म्हणून मी खिडक्या लावल्या. आदल्या दिवशीच्या शिबिरानं पाय भरून आले होते. मी टेकू काढला. फळी खाली घेतली, गादी पसरली — आणि झोपले. आळस. दुसरं नाव नाही त्याला.

चपलांचा आवाज आला तशी दचकून उठले. गादी गुंडाळली, फळी वर केली, टेकू लावला. खिडकीकडे हात नेला, तोवर मामा दारात.

त्यांनी चार्जर बंद केला. बॅटरीची एक वायर सैल झाली होती, ती काढून साफ करायची होती. पाना हातात घेतला — आणि थांबले.

“वास येतोय. फळी सकाळधरनं वरच हाय न्हवं?”

इथे मी नेहमी थांबते. इतक्या वर्षांत किती वेळा थांबले असेन! “नाही मामा, माझा डोळा लागला होता. जरा दम धरा” — एवढंच म्हणायचं होतं. ते रागावलेही नसते. सगळी दारं-खिडक्या उघडून बाहेर लांब जाऊन बिडी ओढत बसले असते. मग मला भीती कशाची वाटली? चूक पकडली जाण्याची? एवढ्याशा?

“हो मामा. वरच होती,” मी म्हणाले.

ते वाकले. फ्रिज चालूच होता, वायरीतून वीज वाहत होती. वायर सुटताना ठिणगी उडाली.

आवाज गावभर गेला म्हणतात. मला तो आठवतच नाही. आठवतात ते मामा — तोंडावर हात, बॅटरीतल्या अ‍ॅसिडनं शर्टाला भोकं पडत चाललेली. मी कॅन उचलून त्यांच्या डोळ्यांवर पाणी ओतत राहिले. ते ओरडत होते, “शिस्टर, तुमी भायेर व्हा! दुसरी फुटंल!”

त्यांना माझी काळजी होती — तेव्हासुद्धा.

जीपनं शिरूरला नेलं, तिथून पुण्याला. एक डोळा गेला. दुसऱ्यानं उजेड-अंधार कळायचा, बाकी काही नाही.

संस्थेच्या साहेबांनी मला बोलावलं. “ड्रायव्हर बिडी ओढतो का?” मी म्हणाले, “ओढतात.” खोटं नव्हतंच ते. त्या वेळी हातात बिडी होती का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. निष्काळजीपणाचा ठपका ठेवून मामांना कमी केलं. मी कामावर राहिले.

एकदाच खुटबावला गेले. मामा ओसरीवर बसले होते. त्यांच्या बायकोनं चहा ठेवला आणि ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला निघून गेली. मामांनी आवाजाच्या रोखानं तोंड वळवलं.

“चूक माजीच, शिस्टर. वास आला व्हता. थांबाया पायजे व्हतं.” मग जरा वेळानं, “पर तुमी व्हय म्हणला, म्हंजी वरच आसंल ती फळी. दुसरंच कायतरी झालं आसंल.”

त्यांना कळलं होतं का? ते मला वाट करून देत होते का? त्या चेहऱ्यावर काही वाचता येत नव्हतं. तिथे ओसरीवर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मी म्हणाले, “हो मामा, दुसरंच काहीतरी असेल.” चहा संपवला आणि एसटी गाठली.

पुढे मामा वारले. मी मातीला गेले नाही.

त्याआधीच गाडीवर नवा ड्रायव्हर आला होता. पहिल्याच दिवशी मी त्याला पेटी दाखवली आणि म्हणाले, “चार्जिंगला फळी वर ठेवत जा. आधीचे मामा विसरले होते.”

त्यानं काहीच विचारलं नव्हतं.