फ्रान्सच्या शेतकरणी, जुळे सोलापूरच्या आम्ही

आमच्या सोसायटीत किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. जिन्यात भाजी निवडत बसलं की वरून एक येतो, खालून दोन! यंदाच्या गॅदरिंगचे मात्र मी हसत सांगायला घेते आणि शेवटी मान खाली जाते.

*

सुरुवात केली केतकीनं. वरच्या मजल्यावरची ही पोरगी फॅशन डिझायनिंग शिकते. तिनं मोबाईलवर फ्रान्समधली जुनी छापील चित्रं दाखवली. अडीचशे वर्षांपूर्वी तिथल्या श्रीमंत बायका म्हणे नाचाच्या पार्टीला शेतकरणी बनून जायच्या. रेशमी झगा, वर एप्रन, एप्रनला लेस, हातात फुलांची परडी!

मी म्हटलं, "अगं, ही खुरपायला निघालीय का लग्नाला?"

"काकू, तीच तर फॅशन होती!"

झालं! गॅदरिंगमधल्या फॅन्सी ड्रेसची थीम ठरली, शेतकरीण. हौस फ्रान्सची, लुगडी आपली. पहिल्या नंबराला पैठणी.

*

आमच्या जिन्यातल्या सगळ्यांची माहेरं शेतीतलीच. तरी पाटील वहिनींनी ऑनलाइन 'व्हिलेज लुक' मागवला. सोबत नवंकोरं खुरपं. पात्यावरचं प्लास्टिक तसंच!

मी काढायला गेले तर ओरडल्या, "राहू द्या हो, लागेल कुणाला!"

*

बँकेतल्या कुलकर्णी मॅडमनी रापलेलं दिसायला तोंडाला गडद फाउंडेशन फासलं, डोक्यावर पदर घेतला आणि स्वतःचीच बेल वाजवली. मिस्टरांनी दार उघडलं.

"मावशी, मॅडम घरात नाहीत. उद्या या."

आम्ही जिन्यात पोट धरून हसलो. भांडी घासणारी लक्ष्मीही तिथंच होती. तीही हसली. जरा उशिरा हसली.

*

माझ्या समोरच्या दारातली वैशाली. तिची आई उजनीच्या काठावरनं मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आलेली. एक डोळा झालेला, दुसरा व्हायचा. सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाताना नेसायला म्हणून ठेवणीतलं एकुलतं एक इरकल लुगडं घेऊन आली होती. वैशालीनं तेच मागितलं. म्हातारी हरखली!

"नेस की! लेक माजं लुगडं नेसतीया, आनि काय पायजे मला?"

वैशालीनं तिला आपला गाऊन दिला आणि लुगडं घेऊन आतल्या खोलीत गेली. तिथं तिला सजवायला आलेली केतकी म्हणाली, "काकू, हे फारच चांगलंय. गरीब वाटत नाही." तिनं कात्री घेतली, पदराला छेद दिला आणि वर लाल सॅटिनचं ठिगळ लावलं.

वैशाली पुटपुटली, "आईला कुठं एवढं दिसतंय!"

मी दारातच उभी होते. मी म्हटलं, "मस्त दिसतंय."

*

पहिला नंबर वैशालीचा! परीक्षक बाई माईकवर म्हणाल्या, "ते ठिगळ बघा! काय डिटेलिंग!" आम्ही टाळ्यांवर टाळ्या.

तेवढ्यात म्हातारी खाली मांडवात आली. अंगात गाऊन, खांद्यावर टॉवेल.

"आई, तुला वरच थांब म्हटलं होतं ना!"

"बगू दे की गं, कशी दिसतीस ती." तिनं लेकीच्या पदरावरून हात फिरवला. बोटं ठिगळाशी थांबली. तिनं ते पुन्हा चाचपलं.

म्हातारी परीक्षक बाईंकडं वळली. हात जोडले.

"बाई, माज्या लेकीला नावं ठिवू नगा. तिची काय बी चूक न्हाय. मलाच नीट दिसत न्हाय. फाटकं लुगडं दिलं मी तिला."