परसातली शतावरी

माझी मुलगी झाली तेव्हा मला दूध कमी येत होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मावशी पदराखाली काही तरी घेऊन आल्या. टेकडीवरून खणून आणलेल्या शतावरीच्या मुळ्या होत्या. त्यांनी त्या उकडल्या, साल काढून वाळवल्या, कुटल्या आणि दुधातून कशा घ्यायच्या ते माझ्या सासूबाईंना सांगितलं. मावशी दवाखान्याच्या विरुद्ध नव्हत्या. नर्सबाईंनी दिलेल्या गोळ्या चुकवू नका, हेही त्यांनीच बजावलं.

मला गुण आला. पुढे मी मंगरूळपीरला कचेरीत नोकरीवर परत गेले आणि जिच्या-तिच्याजवळ मावशींचं नाव काढू लागले. कोणाची लेक बाळंत झाली, कोणाच्या सुनेला दूध कमी पडलं, की मी सांजच्याला बसमधून उतरून मावशींच्या दारात उभी. त्यांना चार पैसे मिळतात, बायांना औषध मिळतं, यात वाईट काय, असं मला वाटायचं.

एका वर्षी त्यांनी दिलेल्या मुळ्या करंगळीपेक्षाही बारीक निघाल्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, रविवारी सोबत चला.

त्या टेकडीच्या पायथ्यावरून मी रोज बसने जात होते, पण वर कधी चढले नव्हते. वर जागोजागी खड्डे होते. काहींत पावसाचं पाणी साचून सुकलेलं, काही नुकतेच खणलेले. मावशी सांगत होत्या, रिसोडकडून एक जीप येते, मिळेल ते वजनावर घेऊन जाते, म्हणून लोक वेल मुळासकट उपटतात. एका काटेरी वेलाजवळ त्या बसल्या आणि त्यांच्या आईनं शिकवलेली रीत मला दाखवली. एकाच बाजूची माती काढायची, निम्म्या मुळ्या घ्यायच्या, उरलेल्या पुन्हा झाकून हातानं दाबायच्या. पण त्या दिवशी त्यांनी त्या वेलाच्या सगळ्याच मुळ्या काढल्या.

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्या खाली मान घालून म्हणाल्या, "मी ठेवलं त दुसरा घेऊन जाते. दोन साल ठेवून पाह्यलं. आता मीबी ठेवत नाही."

उतरताना मुळ्यांची टोपली मी घेतली. त्या टोपलीतल्या मुळ्या माझ्याच कचेरीतल्या एका बाईंसाठी होत्या.

घराच्या मागे आमची थोडी जागा पडीक होती. तिथं शतावरी लावू, असं मी म्हटलं, तर मावशींनी मान हलवली.

"लावलेल्या मुळीत गुन नसते, बाई. नळाच्या पान्यावर वाढलेली मुळी ते. तिले कायचा गुन येते?"

तरी हिवाळ्यात त्यांनी लाल फळं आणून दिली. मी काळं बी भिजवून दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावलं, रोज पाणी घातलं आणि सगळं कुजवलं. आमची काळी माती पाणी धरून ठेवते, हे मला कळायला हवं होतं. मावशींनी पिशव्या उलट्या करून पाहिल्या आणि मला मुरूम आणायला लावला. पुढच्या खेपेला मुरूम आणि शेणखत मिसळून उंच वाफा केला. बरेच दिवस काहीच दिसेना. मग केसासारखे कोंब आले.

तेव्हापासून मावशी कढीपत्ता मागायला येऊ लागल्या. कढीपत्त्याचं झाड त्यांच्या दारातही होतं. मी ते कधी बोलून दाखवलं नाही.

दोन पावसाळे गेल्यावर त्यांनी स्वतः खुरपं घेतलं. एका बाजूची माती काढली. मुळ्या बोटाएवढ्या जाड होत्या. निम्म्या घेतल्या, बाकीच्यांवर माती ओढली. एक मुळी सोलून त्यांनी बराच वेळ चावली.

"पानी जास्त हाये," एवढंच म्हणाल्या.

मला वाईट वाटलं. पण त्याच हिवाळ्यात त्यांची नात बाळंतपणाला आली. मावशींचे पाय अजून धड होते, टेकडी त्या सहज चढल्या असत्या. त्या माझ्या दारात आल्या आणि वाफ्यातल्या मुळ्या मागितल्या. गुणाचा विषय दोघींनीही काढला नाही. मी दिल्या. नात आणि बाळ नीट आहेत. मुळीमुळेच, असं मी म्हणणार नाही.

आता कोणी विचारलं तर मी परसातलंच देते. सगळ्यांना पुरत नाही, तेव्हा नाही म्हणायला शिकले आहे. शेजारच्या दोघींनी कुंपणाला वेल लावलेत. जीप मात्र अजून येते.

गेल्या पावसाळ्यात मावशींनी माझ्याकडून वीस रोपं नेली आणि टेकडीवर लावली. बरीच ढोरांनी खाल्ली, काही जगली आहेत म्हणे. कुठं लावली, असं मी विचारलं. 

"तुमाले नाही सांगत. तुमाले लय लोकं मांगतात."

मला राग आला नाही. मी पुन्हा विचारलंही नाही.