कीन घराण्याचा पाय

कोरोइट गावात कुणी गेलं की कबर घरचेच खणतात. मजूर लावून खणलेली कबर बेवारशाची. थेडी कीनला साठीत एवढीच एक काळजी होती. बाप आयर्लंडातल्या क्लेअरहून एकटा ऑस्ट्रेलियात आला आणि थेडी पाळण्यात असतानाच गेला. पुढे आई गेली. लग्न राहिलं ते राहिलंच. बटाट्याची जमीन मात्र चांगली होती.

नवा माणूस दिसला की थेडी विचारायचा, "कुठले तुम्ही? आईचं माहेर कुठलं?"

शेजारीण ऑनर ड्वायर चर्चबाहेर सगळ्यांदेखत म्हणायची, "त्या घोड्यालाही विचार बाबा. त्याचे आजोबाही जहाजानंच आले."

थेडीनं घोड्याला विचारलं नाही. मालकाला विचारलं.

१९१०च्या हंगामात बटाटे काढायला क्वीन्सलँडहून एक मजूर आला. नाव रॉबर्ट कीन. थेडीनं त्याला घरात झोपायला जागा दिली. बटाट्यांवर दुप्पट लोणी घातलं.

"आजोबा क्लेअरचे का रे?"

"आर्मा म्हणायचे, काका. पार उत्तरेकडे."

"क्लेअरहून गेले असतील. चालता येत होतं ना त्यांना?"

सकाळी रॉबर्ट शेतात उतरला आणि त्यानं फावड्यावर उजवा पाय दिला. क्लेअरची कॅथलिक माणसं डाव्या पायानं खणतात. उजव्या पायाचे ते उत्तरेकडचे प्रॉटेस्टंट. हे कोरोइटमध्ये शाळेत जायच्या आधीच कळतं.

ऑनर कुंपणाशी आली. "बघितलास ना पाय? तो तुझा कुणी लागत नाही. आता फादरना काय सांगणार आहेस?"

"फादर कुठे खणतात?"

थेडी दिवसभर त्या पायाकडे बघत राहिला. संध्याकाळी रॉबर्टनं पिशवी भरली. "बाई बोलल्या ते ऐकलं मी, काका. उद्या निघतो."

"बटाटे काढून व्हायचेत अजून," थेडी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी थेडीनं फावड्यावर उजवा पाय दिला. रांग वाकडी गेली. निम्मे बटाटे चिरले.

"अरे, काय चाललंय तुझं?" ऑनर ओरडली.

"आमच्या घराण्यात असंच खणतात."

"जन्मभर डाव्या पायानं खणलंस की!"

"शिकवलं तुझ्या भावानं. तो ड्वायर. मी कीन."

रॉबर्टनं पिशवी पुन्हा आत नेऊन ठेवली. पुढची सगळी वर्षं थेडी उजव्या पायानंच खणत राहिला. त्याला ते कधीच जमलं नाही. चिरलेले बटाटे दोघं आधी खायचे.

थेडी गेला तेव्हा फादरनी विचारलं, "मजूर बघायचा का?"

"कशाला?" ऑनर म्हणाली. "घरचा माणूस आहे."

रॉबर्ट फावडं घेऊन आला. सगळं गाव त्याच्या पायाकडे बघत होतं. त्यानं उजवा पाय दिला.

कुणीतरी खाकरलं. ऑनर त्या खाकरणाऱ्याकडे वळली.

"कीन लोक असेच खणतात," ती म्हणाली.